उत्तमसिंग फोटोवाल्याची हळदीची चित्रं

उत्तमसिंग आडे या माणसाबद्दल मुंजाजी टेलरला खात्रीनं सांगता येईल असं फार थोडं होतं. गळा साडेपंधरा. डावा खांदा उजव्यापेक्षा जरा उतरता. पँटीला मागचा खिसा एकच, तोही बटणाचा. एवढं तो झोपेतूनही सांगू शकला असता. दोघांच्या दुकानांमध्ये चार इंची भिंत होती आणि निम्मं आयुष्य ती तशीच मध्ये उभी राहिली. पलीकडून खोकला ऐकू आला की फोटोवाले आले, कपबशी वाजली की त्यांचा चहा झाला, हे मुंजाजीला कळायचं. पण हा माणूस मनात काय घोळवतो, कशाला भितो, हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारावं तर सुरुवात कुठून करायची हेच त्याला उमगत नसे. तेव्हा पुढं जे सांगायचं आहे ते भिंतीच्या अलीकडचं आहे. पलीकडचं ज्याला ठाऊक असेल त्यानं दुरुस्त करून घ्यावं.

जवळा बाजारच्या मुख्य रस्त्यावर आडे फोटो स्टुडिओ आणि मुंजाजी टेलर अशी दोन दुकानं शेजारी होती. उत्तमसिंग जवळच्याच तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरले, बाप शेतीत स्थिरावला आणि हा एका कॅमेऱ्यापायी बाजारात येऊन बसला. स्टुडिओत एक काळा कोट होता. तो मुंजाजीनंच शिवलेला. लग्नाला आलेली पोरं उघड्या गळ्याच्या शर्टात यायची, वरून हा कोट चढवायची आणि फोटोत एकदम नोकरीवाली दिसायची. पाठीला कोट मोठा होत असेल तर उत्तमसिंग मागून चिमटे लावायचा. पुढं पुढं असं झालं की परभणीपासून वाशीमपर्यंत मुलीकडच्यांना तो कोट ओळखू यायला लागला. एकदा एका बाईनं फोटो बघून विचारलं म्हणे, "कोट तोच हाये, पोरगं कोनतं हाये ह्यावेळी?"

हळदीचा नाद उत्तमसिंगला लागला तो मुंजाजीच्या कात्रीमुळं. हरीशचं, म्हणजे उत्तमसिंगच्या एकुलत्या पोराचं तेव्हा लग्न होतं. हळदीच्या दिवशी माखलेलं एक पांढरं धोतर उत्तमसिंगच्या बायकोनं, रूपाबाईनं, दुकानाच्या स्लॅबवर वाळत टाकलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून हाताला लागेल ते त्यावर ठेवलं, आणि हाताला मुंजाजीची मोठी कात्री लागली. दोन दिवस सगळे लग्नाच्या गडबडीत. तिसऱ्या दिवशी कात्री उचलली तर धोतर उन्हानं फटक पडलेलं आणि मधोमध पिवळीजर्द कात्री, मुठीच्या भोकांसकट.

रूपाबाई म्हणाली, "गेलं धोतर वाया."

उत्तमसिंग ते धोतर घेऊन खाली बसला, आणि मुंजाजीची कात्री त्यानं महिनाभर परत दिली नाही.

त्यानंतर स्लॅबवर रोज काहीतरी वाळत असायचं. हट्टा गावाकडची चांगली हळद आणायची, स्पिरिटमध्ये कालवायची, अंधाऱ्या खोलीत जाड कागदाला फासायची. मग त्या कागदावर कापसाचं पान, सोयाबीनची डहाळी, नाहीतर पारदर्शक कागदावर काढून आणलेला एखादा फोटो ठेवायचा, वरून काच दाबायची आणि उन्हात मांडायचं. जिथं ऊन पोचेल तिथली हळद उडून जायची, झाकलेली राहायची. कधी तो माणसाच्या चेहऱ्यावर पान ठेवी, कधी एकावर एक दोन चेहरे. कागद वाया जात, चित्र फिसकटे, हा पुन्हा हळद कालवी. खालून जाणारे वर बघून विचारत, "फोटोवाले, पापड घातले काय?" उत्तमसिंग म्हणायचा, "व्हय. उडदाचे."

एकदा त्यानं मुंजाजीला वर बोलावून एक चित्र दाखवलं. म्हातारीचा चेहरा होता आणि तिच्या गालांवर पिंपळपानाच्या शिरा उतरल्या होत्या. मुंजाजी बराच वेळ बघत राहिला.

"काहून गप झालात टेलर?"

"न्हाई, बराबर हाये."

"बराबर म्हंजे?"

"म्हंजे... फिटिंग बराबर हाये."

उत्तमसिंग इतका हसला की त्याला ठसका लागला. पुढं कुठलंही चित्र जमलं की तो भिंतीवर टकटक करून सांगायचा, "टेलर, फिटिंग बसली."

एक खोट मात्र होती. ऊन ज्या हळदीतून चित्र काढायचं, तीच हळद पुढं उजेडानंही उडत जायची. भिंतीवर टांगलं की चित्र हळूहळू कोरा कागद. यावर औषध उत्तमसिंगला सापडलं नाही, आणि खरं म्हणजे त्यानं फार शोधलंही नाही.

हरीश पुण्याला एका कारखान्यात लागलेला. त्याचं लेकरू आता बोलायला लागलं होतं. आई-बापांनी दुकान बंद करून पुण्याला यावं असा त्याचा आग्रह चालला होता. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. रूपाबाई फोन नेहमी स्पीकरवर ठेवायची, त्यामुळं भिंतीपलीकडं मुंजाजीलाही सगळं ऐकू यायचं. आपण ऐकतोय हे कळू नये म्हणून तो मशीन थांबवायचा, आणि मशीन थांबलं की तो ऐकतोय हे त्या दोघांना कळायचं.

"बाबा, पासपोर्ट फोटोला आता कोनी येत न्हाई," हरीश म्हणत होता. "तुमी दिवसभर स्लॅबवर हळद वाळवून राहिले. कोनासाठी?"

"लोकाईसाठी."

"कोन लोक? एक माणूस दाखवा ज्याला तुमचं चित्र घरी न्यावं वाटलं."

उत्तमसिंगचा आवाज जरा चढला. "दाखवतो की. प्रदर्शन भरवतो. एकानं जरी मागितलं तर मी इथंच राहनार. कोनीच न्हाई मागितलं तर संक्रांतीला सामान बांधतो."

"नातेवाईक चालनार न्हाई," हरीश म्हणाला.

"न्हाई चालनार."

"आन् फुकट घ्या म्हणून कोनाच्या गळ्यात बांधायचं न्हाई. त्यानं आपल्या तोंडानं मागावं." मग आईला म्हणाला, "याडी, तू बघ. तू सांगशील ते खरं."

रूपाबाई म्हणाली, "मी बघते. आन् शेजारीबी चालनार न्हाई. मशीन केव्हाची बंद हाये तिकडं."

मुंजाजीनं घाईघाईनं पाय मारायला सुरुवात केली. मशीनमध्ये कापडच नव्हतं.

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. उत्तमसिंग पुण्याला गेला तर भिंतीपलीकडं कोण येईल? मोबाइलच्या कव्हरांचं दुकान येईल, गाणी लावून. खोकणारं कोणी नसेल. आपणच एक चित्र मागावं म्हटलं तर रूपाबाईनं आधीच वाट अडवलेली. मग त्याला वाटलं, एखाद्या गिऱ्हाईकाला हळूच सांगून ठेवावं. दुसऱ्या दिवशी कापड-दुकानातला सुदाम पँटीचं माप द्यायला आला. कमरेला टेप लावता लावता मुंजाजी म्हणाला, "एक काम होतं तुमच्याकडं."

"बोला की मामा."

मुंजाजीनं घसा साफ केला. टेपकडं बघितलं. "काही न्हाई. कंबर वाढली तुमची."

सुदाम नाराज होऊन गेला. लबाडी करायलाही अंगात बोलकेपणा लागतो, आणि तो मुंजाजीकडं नव्हता.

प्रदर्शनासाठी मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळचं कापसाचं एक रिकामं गोदाम मिळालं. अंधारं होतं म्हणूनच ते उत्तमसिंगला आवडलं. प्रत्येक चित्रावर एक छोटा काळा पडदा असावा, ज्याला बघायचं त्यानं वर करावा, बघून झालं की सोडून द्यावा, म्हणजे उजेड लागणार नाही, अशी त्याची योजना. पडदे मुंजाजीनं शिवले. छत्रीच्या कापडाचे, खाली दोऱ्याला एकेक बटण ओवून, म्हणजे पडदा सरळ लोंबेल. या कामात मात्र त्याला कुणी सांगावं लागलं नाही आणि काही बोलावंही लागलं नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी प्रदर्शन उघडलं. उजेड नको म्हणून शटर अर्धंच वर ठेवलं होतं. त्याचा भलताच फायदा झाला. पूर्ण उघडं असतं तर कोणी फिरकलं नसतं. अर्धं शटर बघून आत काहीतरी लपवाछपवी चाललीय असं वाटून लोक वाकून वाकून आत शिरायला लागले. आत आले की काळे पडदे. पडदे बघून आवाज आपोआप खाली. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली, पडदा वर केला, आत बघितलं, हात जोडले आणि पाठ न दाखवता मागं सरकला. आत बैलाचा डोळा होता.

"हे कोन हाये?" एकानं विचारलं.

"पान हाये," दुसरा म्हणाला.

"पान तर मलाबी दिसून राहिलं. पानात माणूस काहून हाये पर?"

"माणसावर पान ठेवलं असन."

"आन् त्यो गप बसला?"

कोट घातलेल्या नवरदेवाचं एक चित्र होतं. त्यात उत्तमसिंगनं वर्षानुवर्षांचे पाच-सहा नवरदेव एकावर एक ठेवले होते, त्यामुळं चेहरा कुणाचाच नव्हता आणि कोट मात्र ठसठशीत. त्यापुढं बायकांची झुंबड. एक म्हणाली, हे आमचे आहेत. दुसरी म्हणाली, आमचे आहेत. तिसरी लांबूनच म्हणाली, "कोनाचे का असंना, कोट सासूबाईंनी पाहिला व्हता तोच हाये."

रूपाबाई दारापाशी खुर्ची टाकून बसली होती. लोक येत होते, हसत होते, पुन्हा पुन्हा पडदे उचलत होते, आणि बाहेर पडून वांगी-बटाटे घ्यायला जात होते. चित्र कोणी मागेना. एकानं चौकशी केली तर उत्तमसिंगनं खरं ते सांगून टाकलं, की उजेडात टांगलं तर पुसून जाईल. तो माणूस म्हणाला, "मंग नेऊन करायचं काय?" आणि गेला. मुंजाजीला वाटलं, हा माणूस एवढा खरं कशाला बोलतो.

मग देविदास नावाचा एक पोरगा आला. आत एक चक्कर मारून ठणकावून म्हणाला, "काका, ते बैलाच्या डोळ्याचं मला द्या." मुंजाजीचा जीव भांड्यात पडतोय तोवर दारातून रूपाबाई म्हणाली, "ह्यो तांड्यावरचा. ह्याची माय माझी चुलत नणंद हाये. न्हाई चालत."

"लई लांबची हाये काकू."

"जेवायला आला की जवळची व्हती ना?"

देविदास हसत हसत निघून गेला. उत्तमसिंगनंच त्याला पढवून आणलं होतं की काय, हे मुंजाजीला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुपार झाली. गर्दी जरा ओसरली तेव्हा सगळं ठीक आहे ना हे बघावं म्हणून मुंजाजीनं नवरदेवाचा पडदा वर केला. नवरदेवाच्या कपाळावर लालभडक ठिपका. शेजारचा पडदा उचलला. म्हातारीच्या गालावर दोन ठिपके. सोयाबीनच्या शेंगेवर लाल, बैलाच्या डोळ्यात लाल. अंगठे होते ते. बाजारला आलेला प्रत्येक गडी आणि निम्म्या बायका तळहातावर तंबाखू-चुना मळून आलेल्या. चुन्याचा अंगठा कागदावर टेकला की हळद लाल होणारच. घरोघरी हे ठाऊक असलेली माणसं, आणि ठाऊक असूनही कोणाच्या मनात आलं नाही. उत्तमसिंगच्याही आलं नाही, आणि तो स्वतः दिवसातून दहादा तंबाखू मळायचा.

मुंजाजी धावत गेला आणि त्याला घेऊन आला. उत्तमसिंगनं एकेक पडदा वर करून बघितला. सगळी चित्रं बघून तो कापसाच्या एका जुन्या गाठोड्यावर बसला आणि खिशातली तंबाखूची डबी काढून बाजूला ठेवून दिली.

"हात लावू नका म्हणून पाटी लावू का?" मुंजाजीनं विचारलं.

"आता काय करता."

कोपऱ्यातल्या एका पडद्यापाशी एक बाई केव्हाची उभी होती. सत्यभामाबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. दोन कोसांवरच्या धनगरवाडीतली, दोन बकऱ्या विकायला बाजारला आलेली. तिनं पडदा अर्धा धरून ठेवला होता आणि सोडावा की नाही हे तिला कळत नव्हतं. आतलं चित्र मेंढीचं होतं. मेंढीच्या तोंडावर एरंडाचं पान ठेवून काढलेलं, कपाळभर पानाच्या शिरा. आणि नाकावर ताजा लाल अंगठा.

"भाऊ," ती उत्तमसिंगला म्हणाली, "माझ्या हातून खराब झालं हे."

"असू द्या माय. सगळीच झाली."

"सगळ्याइचं मला काय करायचं. हे मी केलं. ही माझ्याकडं बघून राहिली व्हती, म्हणून नाकाला हात लावला." तिनं अंगठा पदराला पुसला. "हे मला द्या."

उत्तमसिंगनं वर बघितलं. मुंजाजीनं दाराकडं बघितलं. रूपाबाई खुर्चीवरून उठून आत आली होती.

"मावशी," रूपाबाई म्हणाली, "खरं सांगा. डाग पडला म्हणून मागून राहिलात का आवडलं म्हणून?"

बाजाराची रीत सगळ्यांना ठाऊक होती. आपल्या हातानं फळ दबलं, मडकं तडकलं तर ते मुकाट्यानं घरी न्यायचं. या बाईनं त्या रीतीनं मागितलं असेल तर ते चित्र मागणं नव्हे, ती नुकसानभरपाई झाली.

सत्यभामाबाईनं जरा विचार केला. "डाग पडला नसता तर मागायला तोंड उघडलं नसतं. आमाला कोन देतंय असलं. आता माझाच अंगठा हाये त्याच्यावर, म्हणून बोलले."

"भिंतीला लावता येत न्हाई बरं का," उत्तमसिंगला राहवलं नाही. "उजेडानं जातं ते."

"भिंतीला काहून लावू? कॅलेंडर हाये का? पेटीत ठेवीन. लेकीच्या लग्नातलं पातळ हाये, त्याच्या घडीत. कधीमधी काढून बघीन." आणि जरा थांबून तिनं विचारलं, "पेटीत तर राहील ना?"

"पेटीत राहील," उत्तमसिंग म्हणाला. त्यानं चित्र उतरवून तिच्या हातात दिलं.

तिनं चित्र पिशवीत ठेवलं, वरून मेथीची जुडी ठेवली, आणि राहिलेल्या बकरीला ओढत निघून गेली. दोनपैकी एक विकली गेली नव्हती.

रूपाबाईनं तिथंच उभं राहून पुण्याला फोन लावला. स्पीकरवरच.

"मागितलं एकीनं," ती म्हणाली.

"कोन? तांड्यावरची?" हरीशनं विचारलं.

"मेंढरावाली. मी आज पयलांदा पाहिली तिला."

"काय म्हणली?"

"म्हणली, हे मला द्या. तोंडानं म्हणली. मी ऐकलं."

"आन् काय?"

रूपाबाईनं नवऱ्याकडं बघितलं, मग गोदामातल्या काळ्या पडद्यांकडं. "आन् काही न्हाई. नेलं तिनं. नातवाला घेऊन तुमीच या संक्रांतीला."

अंगठ्याचा विषय तिनं काढलाच नाही. नातवाची ओढ तिला कमी नव्हती. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ स्क्रीनवरचा त्याचा फोटो मोठा करून बघत बसली. मग अंगठ्याचं का सांगितलं नाही, हे मुंजाजीनं तिला विचारलं नाही. उत्तमसिंगनं विचारलं की नाही, ते भिंतीपलीकडचं.

अशा रीतीनं उत्तमसिंग जवळा बाजारातच राहिला. पुढं त्याला वेगळंच वेड लागलं. चित्र झालं की तो येईल-जाईल त्याला चुन्याची डबी पुढं करून म्हणायचा, "लावा अंगठा." कुठं लावायचा ते सांगायचा नाही. पोस्टमननं लावला, चहावाल्यानं लावला, पोलीस पाटलानं आधी विचारलं की ह्याला कायद्यात काही अडचण नाही ना, आणि मग दोन लावले. मुंजाजीला ही नवी चित्रं फारशी पसंत नव्हती. त्याला आधीची, डाग नसलेली आवडायची. पण तसं सांगण्याची वेळ आली की तो म्हणायचा, "बराबर हाये," आणि उत्तमसिंग त्याच्याकडं तिरप्या नजरेनं बघून म्हणायचा, "फिटिंग ढिली दिसून राहिली तुमाला." त्याला कळायचं. मुंजाजीच्या मनातलं त्याला बरंच कळत असावं. उलट्या बाजूनं तेवढं जमलं नाही.

दोन पावसाळे गेले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याचा खोकला वाढला. भिंतीपलीकडून तो रात्री उशिरापर्यंत, मुंजाजी दुकान आवरेपर्यंत ऐकू यायचा. नांदेडला दाखवायचं ठरलं. दसऱ्याच्या आधी एका सकाळी दुकानापुढं जीप आली. रूपाबाई पिशव्या घेऊन आधीच आत बसलेली. उत्तमसिंगनं शटर खाली ओढलं, कुलूप लावलं, ओढून बघितलं. मुंजाजी मशीनवरून उठून पायरीवर येऊन उभा राहिला. काहीतरी बोलावं असं त्याला वाटत होतं. उत्तमसिंग तिथून परत येणार नाही हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं दोघं जे बोलले ते रोजचंच बोलले.

"टेलर, माझ्या पँटीला चेन बसवली का?"

"न्हाई अजून. उद्या बसवतो."

"घाई न्हाई," उत्तमसिंग जीपमध्ये चढता चढता म्हणाला. "पितळेची बसवा पर. प्लास्टिकची टिकत न्हाई."

"बरं," मुंजाजी म्हणाला.